पाणी शेवटच्या आळ्यापर्यंत पोहोचले का?

(द्वितीय वर्ष, कला)

माझे वडील आगाशीच्या बाजूला एका वाडीत कामाला आहेत. वाडी मालकांची, शिंपणे, खणणे, केळीचे घड उतरवणे हे काम बाबांचे. लहानपणी सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या सायकलवर पुढच्या दांड्यावर बसून तिथे जात असे. वाडीत विहीर आहे, मागच्या अंगाला बावखल आहे. पूर्वी रहाट होता म्हणतात. मी पाहिली ती विजेची मोटार. बटण दाबले, मोटार घरघरू लागली, पाटात पाणी पडले, की मला वाटे झाले काम, आता सावलीत बसावे. बाबा मात्र मोटारीकडे ढुंकूनही पाहत नसत. चपला काढायच्या, खांद्यावर फावडे घ्यायचे आणि पाटाच्या कडेकडेने थेट वाडीच्या दुसऱ्या टोकाला जायचे. तिथे शेवटच्या केळीच्या आळ्यापाशी ते उभे राहत. पाणी यायला वेळ लागला की पाटाच्या काठाने उलटे चालत येत. मध्ये कुठे खेकड्याने बीळ केलेले सापडे, कुठे पालापाचोळ्याने पाट तुंबलेला असे. ते नीट करून पुन्हा टोकाला. मालकांनी हाक मारून विचारले, "पाणी झालं का रे?" तर शेवटचे आळे भरेपर्यंत बाबांच्या तोंडून "झालं" असे कधी निघत नसे.

हे सारे आठवण्याचे कारण यंदाचा अर्थशास्त्राचा तास. सरांनी ट्यूटोरियलसाठी विषय दिला, 'महाराष्ट्रातील मोठ्या सिंचन प्रकल्पांचे मूल्यमापन'. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. 'मूल्यमापन' हा शब्द घरी कोणाला विचारण्याची सोय नव्हती. ग्रंथालयात बसून जे हाती लागले ते वाचले. वाचता वाचता एका शब्दाशी माझे भांडण सुरू झाले. तो शब्द म्हणजे 'निर्मित सिंचन क्षमता'.

धरण झाले, कालवे खणले, की त्यावर इतके हेक्टर भिजू शकतील असा हिशेब मांडतात. ती झाली निर्मित क्षमता. त्यातले प्रत्यक्षात किती भिजले हा आकडा वेगळा असतो, आणि तो नेहमीच पहिल्याहून लहान असतो. भाषणांत, जाहिरातींत, उद्घाटनाच्या कोनशिलांवर मात्र मोठा आकडाच दिसतो. मला विचाराल तर हा शब्द फारच सोयीचा आहे. आमच्या निकालपत्रावर 'या विद्यार्थिनीत उत्तीर्ण होण्याची क्षमता निर्माण झाली आहे' एवढेच लिहून चालले असते, तर आमच्या वर्गातल्या कोणालाच रात्री जागावे लागले नसते.

या दोन आकड्यांमधल्या अंतराने महाराष्ट्रात एकदा मोठे वादळ उठवले. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून असे दिसले, की दहा वर्षांत सिंचनावर हजारो कोटी रुपये खर्च होऊनही पिकांखालच्या एकूण क्षेत्रातले सिंचनाचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढले. त्यावर उत्तर असे आले, की कृषी खात्याचे मोजमाप वेगळे आणि जलसंपदा खात्याचे वेगळे. दोन्हींची तुलना करू नये. २०१२ च्या नोव्हेंबरात सरकारने श्वेतपत्रिका काढली. मग डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले आणि २०१४ साली त्याचा अहवाल आला. कोण दोषी, किती दोषी, हा माझा विषय नाही आणि तेवढी माझी योग्यताही नाही. मला आश्चर्य वाटते ते पुढच्याच गोष्टीचे. ज्या आकड्याने एवढा गदारोळ केला तो सिंचित क्षेत्राचा आकडा त्यानंतर कितीतरी वर्षे आर्थिक पाहणीत छापलाच गेला नाही. तापमापकात ताप दिसला म्हणून तापमापकच कपाटात ठेवून द्यावा, तसे झाले.

आता न्यायाने बोलायचे तर सरकारी खात्याला हे मूल्यमापन कळत नाही असे अजिबात नाही. या शतकाच्या सुरुवातीपासून आपल्या जलसंपदा खात्याने प्रकल्पांचे 'स्थिरचिन्हांकन' सुरू केले. नाव अवघड आहे, पण कल्पना साधी. प्रत्येक प्रकल्पाला ठरावीक कसोट्या लावायच्या आणि एकमेकांशी ताडून पाहायचे: एका हेक्टराला किती पाणी लागले, एका घनमीटर पाण्यात किती रुपयांचे पीक आले, देखभालीचा खर्च पाणीपट्टीतून निघाला की नाही, पाण्याने जमीन चिबड किती झाली. या कसोट्यांत एक कसोटी पाहून मी दचकलेच. कालव्याचे मुख, मध्य आणि टोक असे तीन भाग करून प्रत्येक भागात ठरल्यापैकी किती क्षेत्र भिजले हे वेगवेगळे मोजावे, अशी ती कसोटी आहे. म्हणजे बाबा फावडे घेऊन जे करतात तेच. अधिकाऱ्यांनी त्याला 'समन्यायी वाटप' म्हटले आहे, एवढाच काय तो फरक!

माझे म्हणणे असे, की बाकीच्या कसोट्या राहू द्याव्यात, पण निकाल मात्र या एकीवर लावावा. कारण मोठ्या सिंचन योजनेत जे काही बिघडते ते सारे शेवटी टोकाला येऊन साचते. कालवा मातीचा असेल तर पाणी वाटेत मुरते. ते टोकाला कमी पडते. दार मोडले असेल तर पाणी वरच्याच शेतात सुटते. तेही टोकालाच कमी पडते. मुखाशी असलेला शेतकरी दोन पाळ्या जादा घेतो, जास्त पाण्याचे पीक लावतो, कारण उद्या पाणी येईल याचा त्याला भरवसा नसतो; त्याची किंमतही टोकाचाच भरतो. पाटकऱ्याची जागा रिकामी राहिली, रात्री पाणी सुटले आणि दिवसा बंद झाले, आवर्तन आठ दिवस लांबले, तरी मुखापाशी कोणाला फारसे कळतसुद्धा नाही. धरण भरलेले आहे, मुख्य कालवा तुडुंब वाहतो आहे, अशी छायाचित्रे खरीच असतात. मोटार सुरू आहे एवढेच त्यांतून कळते.

यातला सर्वांत वाईट भाग आणखी पुढे आहे. कालव्याचे पाणी हवे असेल तर शेतकऱ्याने हंगामाच्या आधी नमुना नंबर ७ चा अर्ज भरायचा असतो. ज्याच्या शेतात तीन-चार वर्षे पाणी पोहोचलेच नाही तो अर्ज कशाला भरील? तो दिवाळीनंतर घराला कडी लावून मजुरीला जातो. मग कागदावर येते, 'लाभधारकांकडून मागणी नाही'. म्हणजे पाणी न मिळाल्याचा पुरावा हाच त्याला पाणी नको असल्याचा पुरावा ठरतो. बाबांनी जर शेवटच्या केळीला विचारले असते, 'तुझा अर्ज कुठे आहे?', तर ती केळ काय बोलणार होती?

आता दूरच्या गोष्टी सोडून आपल्या जिल्ह्याकडे वळू. आपण वसई-विरारचे लोक ज्या नदीचे पाणी पितो ती सूर्या नदी जव्हारच्या बाजूच्या डोंगरांतून येते आणि वैतरणेला मिळते. तिच्यावर विक्रमगड तालुक्यात धामणीचे धरण आहे आणि त्याच्या खाली कवडासचा बंधारा. आपला जिल्हा तेव्हा ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. धरण १९९० च्या सुमारास पुरे झाले. त्यासाठी आदिवासींची गावे उठली. प्रकल्प आखला गेला तो शेतीसाठी. डहाणू, विक्रमगड आणि पालघर तालुक्यांतली १४,६९६ हेक्टर जमीन भिजवावी, तीही बव्हंशी आदिवासींची, असा त्याचा हेतू होता. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो, पण तो चार महिन्यांचा. भात कापले की माळ सुकतो. त्या सुकलेल्या आठ महिन्यांत दुसरे पीक घेता यावे, भाजी, मिरची, उन्हाळी भात करता यावा, म्हणजे माणसाला गाव सोडावे लागणार नाही, हा त्या कालव्यांचा अर्थ.

पुढे शहरे वाढली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची वस्ती बारा लाखांवर गेली होती. उसगाव धरणाचे रोजचे २० आणि पेल्हारचे १० दशलक्ष लिटर एवढ्यावर ही वस्ती जगणे शक्यच नव्हते. मग सूर्येचे पाणी नळाने आले. आधी रोज १०० दशलक्ष लिटर, २०१७ पासून आणखी १००. त्यानंतर रोज ४०३ दशलक्ष लिटरची प्रादेशिक योजना आली. तिच्यात वसई-विरारचा वाटा १८५ आणि मीरा-भाईंदरचा २१८ ठरला. आपल्या वाट्याचे पाणी २०२३ च्या अखेरीस येऊ लागले. यावर तिकडे सूर्या पाणी बचाव संघर्ष समितीने आंदोलने केली, मोर्चे काढले. आपल्याकडे नळ आला म्हणून फटाके वाजले. दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यातल्या, पण आपल्याकडच्या किती जणांनी त्या एकत्र वाचल्या?

मी गणितात कच्ची आहे, तरी एक हिशेब मांडून पाहिला. वाचकांनी चुकले असल्यास दुरुस्त करावे. वसई-विरारसाठी सूर्येचे मंजूर पाणी २०० अधिक १८५, म्हणजे रोज ३८५ दशलक्ष लिटर. घनमीटरमध्ये ३ लाख ८५ हजार. पावसाळ्यात नदी स्वतःच वाहते, म्हणून तो काळ सोडून देऊ. नोव्हेंबर ते जून असे २४० दिवस धरले तर ९ कोटी २४ लाख घनमीटर होतात. धामणी धरणाचा साठा सुमारे २७ कोटी ६० लाख घनमीटर आहे. म्हणजे साठ्याचा तिसरा हिस्सा एकट्या आपल्या शहरासाठी. मीरा-भाईंदरचा वाटा मिळवला की आकडा साडेचौदा कोटींच्या जवळ जातो, म्हणजे निम्म्याहून थोडा अधिक. पालघर शहराचे आणि तारापूरच्या कारखान्यांचे पाणी मी यात धरलेलेच नाही. आता एक हेक्टर शेतात वर्षाकाठी एक मीटर उंचीचे पाणी द्यायचे तर १० हजार घनमीटर लागतात. त्या मापाने साडेचौदा कोटी घनमीटरमध्ये भिजतील साधारण साडेचौदा हजार हेक्टर. प्रकल्पाचा मूळ आकडा पुन्हा वाचा: १४,६९६.

हा हिशेब ढोबळ आहे हे मला ठाऊक आहे. कालव्यातली गळती, बाष्पीभवन, कमी पाण्याची पिके, सारे धरले तर आकडे मागेपुढे होतील. शिवाय मंजूर पाणी आणि प्रत्यक्ष उचललेले पाणी एक नव्हे. पण आपल्या नळाचे माप आणि त्यांच्या शेताचे माप एकाच ताजव्यात तोलता येते, हे मला या गणिताने पहिल्यांदा दाखवले. सिंचन प्रकल्पाचे मूल्यमापन करताना शहर त्या कागदाच्या बाहेर ठेवता येत नाही.

यावर आमच्याच वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, "मग काय, नळ बंद करायचे? तू काय पिणार?" प्रश्न बरोबर आहे. आम्ही विरारला भाड्याच्या खोलीत राहतो. नळ आला की आई हातातले काम टाकून हंडे लावते. पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला, हे राज्याच्या जलनीतीतही आहे आणि माणुसकीतही. पण २००३ च्या त्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर कारखाने आणि मग शेती असा क्रम होता. शेतीला दुसरे स्थान मिळाले ते २०११ साली, बरीच ओरड झाल्यावर. क्रम कागदावर बदलायला आठ वर्षे लागली. शेतात बदलायला किती लागतात ते पाहायचे आहे.

मला नळाबद्दल अपराधी वाटते असे कोणी समजू नये. मला अस्वस्थ करते ती वेगळीच गोष्ट. वसईच्या जुन्या लोकांना आठवत असेल, नव्या इमारती उठू लागल्या तेव्हा नळ नव्हते आणि टँकर आपल्या हरित पट्ट्यातल्या विहिरींचे पाणी उपसून नेत होते. विहिरी खाऱ्या होतील, वाड्या मरतील, म्हणून लोक रस्त्यावर आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली. ज्या आगाशी-निर्मळच्या बाजूला बाबा वाडी शिंपतात, तिथली विहीर गोडी राहिली यात त्या लढ्याचा वाटा आहे असे मी मानते. त्या लढ्याबद्दल आम्हाला अभिमान आहे आणि असावाच. पण आपल्या विहिरींवरचा भार थोडा तरी हलका झाला तो सूर्येचे पाणी आले म्हणून. आपल्या बावखलातले पाणी शहराला न्यायचे नाही असे आपण म्हणालो, तेव्हा शहराची तहान काही नाहीशी झाली नाही. ती शंभर किलोमीटरच्या आतच दुसऱ्या कोणाच्या पाटाकडे वळली. ते लोक आपल्यासारखेच 'आमचे पाणी' म्हणाले, तेव्हा आपल्यापैकी कोण त्यांच्याबरोबर उभे राहिले? मी तरी नव्हते. मला ठाऊकच नव्हते.

आणि ते लोक काही अनोळखी नाहीत. दिवाळीनंतर वसई पूर्वेच्या, भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे येतात. सकाळी स्टेशनजवळच्या नाक्यावर डबा घेऊन उभी राहणारी कितीतरी माणसे विक्रमगड-जव्हारकडची असतात. पावसाळा लागला की परत जातात. त्यांच्यातले सारेच सूर्येच्या लाभक्षेत्रातले असतील असे मी म्हणत नाही. पण कालव्याचा हेतूच दुसरे पीक हा होता आणि नाक्यावर माणूस उभा राहतो तो नेमका दुसऱ्या पिकाच्या महिन्यांत. सिंचनाच्या अहवालात शाळेच्या हजेरीपटाचा रकाना असता, तर जानेवारी-फेब्रुवारीत वर्गात किती मुले होती एवढ्यावरून पाणी आले की नाही हे कळले असते. ट्यूटोरियलमध्ये मी हे लिहिले तर सरांनी समासात प्रश्नचिन्ह काढले. पण खोडले नाही.

सरकारी नियमांत एक तरतूद आहे. सिंचनाचे पाणी दुसऱ्या कामाला वळवले आणि त्यामुळे भिजणारे क्षेत्र घटले, तर पाणी घेणाऱ्याने सिंचन पुनर्स्थापनेचा खर्च द्यावा. म्हणजे ज्याचे पाणी घेतले त्याला दुसऱ्या मार्गाने पाणी देण्याची सोय त्या पैशातून व्हावी: बंधारे, उपसा, कालव्याचे अस्तरीकरण, बंदिस्त नळ. कल्पना किती चांगली आहे! म्हणूनच माझी मागणी अशी आहे, की जिथे जिथे शहराने कालव्याचे पाणी घेतले आहे तिथे दरवर्षी साध्या मराठीत एक पान छापावे. किती पाणी वळवले, किती क्षेत्र घटले, किती पैसे दिले, त्यातून कोणत्या गावात काय बांधले आणि त्याने टोकाचे किती हेक्टर भिजले. ते पान धामणीच्या बाजूच्या ग्रामपंचायतींत लावावे आणि आपल्या प्रभाग कार्यालयांतही. पाणीपट्टीच्या बिलाच्या मागची बाजू कोरीच असते, तिथे छापले तरी चालेल.

हे स्वप्नरंजन नव्हे, कारण टोकापासून सुरुवात केलेले एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात वाघाडचे धरण आहे. त्याच्या कालव्याच्या टोकाला ओझरची शेती. टोक म्हणजे जे व्हायचे तेच होत होते. १९९० च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तिथल्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. त्यांनी मुखाच्या शेतकऱ्यांशी भांडण मांडले नाही. आम्हाला आमच्या हिश्शाचे पाणी मोजून द्या, आम्ही घनमापाने पैसे भरतो आणि आत वाटप आमचे आम्ही करतो, एवढेच म्हणाले. पाणी मोजून मिळू लागले तसे ते जपून वापरले जाऊ लागले. मग वरच्या गावांनीही संस्था काढल्या आणि पुढे साऱ्या लाभक्षेत्राचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले. २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला. कायदा झाला म्हणून सगळीकडे वाघाड झाले नाही, हेही खरे. बऱ्याच ठिकाणी संस्थेची पाटी लागली आणि पाणी मात्र पाटीपर्यंतही आले नाही. वाघाडला फरक पडला याचे कारण मला एवढेच दिसते, की तिथे पहिली बैठक टोकाच्या माणसांची झाली.

एक सूचना आमच्या कॉलेजसाठी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी सात दिवसांचे असते. त्यात आपण झाडलोट करतो, पथनाट्य करतो, शेवटच्या रात्री शेकोटी. ते वाईट नाही. पण यंदा फेब्रुवारीत, आवर्तन सुटलेले असताना, शिबिर सूर्येच्या लाभक्षेत्रातल्या एखाद्या गावात न्यावे. कालव्याची एक वितरिका निवडावी आणि कवडासच्या बाजूने सुरुवात करून ती संपेपर्यंत पायी चालावे. प्रत्येक दारापाशी थांबून ते उघडते का, पाणी किती दिवसांनी आले, शेतात काय पीक आहे आणि घरात कोण आहे, एवढे वहीत लिहावे. भूगोलवाल्यांनी नकाशा काढावा, आम्ही अर्थशास्त्रवाल्यांनी हिशेब करावा, मराठीवाल्यांनी लोक जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवावे. सरांनी होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही.

बाबांना हे सांगितले तेव्हा त्यांनी सूर्या प्रकल्पाबद्दल काहीच विचारले नाही. फक्त म्हणाले, "चालायचं असेल तर खालून वर चाला. वरून खाली गेलात तर पाणी दिसतं तिथंच थांबाल." त्यामुळे माझ्या वरच्या सूचनेत एक दुरुस्ती आहे. सुरुवात कवडासपासून नको, टोकाच्या शेतापासून करावी.